शहापुरातला पांढरा चौकोन

तो नकाशा अजून माझ्यापाशी आहे. मागे कापड चिकटवलेला जाड कागद, त्यावर शिसपेन्सिलीने आखलेले, गावात लहान आणि गावाबाहेर मोठे असे चौकोन, आणि चौकोनांत फिक्यापासून गडदपर्यंत चढत गेलेल्या शाईच्या छटा. दोन पावले मागे सरून पाहिले की रेषा विरघळतात आणि धुक्यातून वर येणाऱ्या एखाद्या डोंगराचा भास होतो. डोंगराचा माथा बेळगावच्या खडेबाजारात आहे. त्याची एक सोंड उत्तरेकडे निपाणीपर्यंत उतरत जाते. दुसरी दक्षिणेकडे लोंढ्याच्या रानात शिरून दिसेनाशी होते. माथ्याच्या अगदी जवळ, शहापुराच्या कडेला, एक चौकोन कोरा आहे. डोंगराला तेवढ्याच जागी भोक पडल्यासारखे दिसते. ते भोक डोंगरात नव्हते, माझ्या पाहण्यात होते; आणि ते मला उमगेपर्यंत त्या जागेवर वखार बांधण्याचे जवळजवळ ठरून गेले होते.

युद्ध संपल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. मी पुण्याहून पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले आणि बेळगावला घरी परतले. घरात माझ्यासंबंधी दोन प्रकारची पत्रे येत असत: स्थळांची आणि नकारांची. माझ्या अर्जांना कचेऱ्या नकार देत होत्या आणि स्थळांना मी. मला कलकत्त्याला जायचे होते. तिथे संख्याशास्त्राचे रीतसर शिक्षण मिळते, असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितल्यापासून ते शहर माझ्या मनात एखाद्या दूरच्या दिव्यासारखे लागून राहिले होते. प्रवेशासाठी मात्र प्रत्यक्ष केलेल्या कामाचा दाखला हवा होता आणि तो देऊ शकेल असा गावात एकच माणूस होता.

ते निवृत्त इंजिनियर. वडिलांचे जुने स्नेही. गावातल्या काही वकिलांनी, डॉक्टरांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून गावाच्या पुढच्या वाढीचा विचार करण्यासाठी एक समिती बसवली होती, तिचे ते अध्यक्ष. समितीने केलेली शिफारस वर सरकारात जाणार होती. त्यांनी मला बोलावून घेतले आणि बागेतल्या बाकावर बसवून सांगितले, "गावात काय आहे ते पानवाल्यालाही ठाऊक असतं. गावात काय होऊ शकेल, ते मला मोजून हवं आहे. बेळगाव म्हणजे वेस नव्हे. निपाणीची तंबाखू, लोंढ्याचं लाकूड, शहापूरचे माग, हे सगळं मिळून एक अंग आहे. त्या अंगात कुठं किती बळ आहे, याचा नकाशा कर. जमला तर दाखल्याचं पत्र मी देईन. मोकळ्या हातानं देईन."

मी त्याच आठवड्यात पद्धत ठरवली. प्रत्येक चौकोनात किती हात कामाला लागलेले आहेत, किती माग किंवा यंत्रे चालू आहेत, किती गाड्या येतात-जातात आणि त्यातून पक्का रस्ता किंवा रेल्वे किती लांबीची जाते, हे मोजायचे. प्रत्येकाला ठरावीक वजन देऊन एकच आकडा काढायचा. आकडा मोठा तितकी शाई गडद. जिथे आजूबाजूला सगळे गडद आणि मधलाच एक पांढरा, तिथे नव्या उद्योगाला जागा आहे असे समजायचे. समितीला मुख्यतः तेच पाहायचे होते.

तुलना निर्दोष व्हावी म्हणून मी आणखी एक नियम केला: सर्व चौकोनांची पाहणी दिवसाच्या एकाच वेळी, अकरा ते चार या दरम्यान व्हावी. या नियमाचा मला फार अभिमान होता. आज प्रामाणिकपणे सांगायचे तर तो नियम विज्ञानाने घालून दिलेला नव्हता, आत्याच्या सोवळ्याने घालून दिलेला होता.

माझी विधवा आत्या आमच्याकडेच असे. मोजायची फीत घेऊन परक्या गल्ल्यांतून मी एकटीने फिरावे, हे घरात कोणालाच मान्य होणारे नव्हते. म्हणून आत्या माझ्याबरोबर येई. तिची पूजा, स्वयंपाक आणि जेवण उरकायला साडेदहा होत. आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचले पाहिजे, ही वडिलांची अट. राहिलेली वेळ ती पाहणीची वेळ. मी तिला शास्त्रीय नाव दिले एवढेच.

फितीचे शून्याचे टोक आत्याच्या हातात असे. मी दुसरे टोक घेऊन चालत जाई आणि आकडा वाचून वहीत टिपी. तेवढ्या वेळात आत्या ज्या दारापुढे उभी असेल त्या दारातल्या बाईशी तिची ओळख झालेली असे.

"आत्या, फीत सैल झाली."

"होऊ दे गं. हिची थोरली लेक खानापूरला दिलीय, ते ऐकत होते."

"ते आपल्या रकान्यात येत नाही."

"मग रकाना अरुंद आहे तुझा," आत्या म्हणे आणि फीत ताणून धरी.

त्या दिवसांची आठवण मला नेहमी झोपेत चालल्यासारखी येते. हिवाळ्याचे मऊ ऊन, मोजत जाणारी माझी पावले आणि मनात सतत आकार घेणारा तो डोंगर. लोंढ्याच्या फलाटावर आम्ही एक अख्खी दुपार बसलो होतो. मालगाडीचे डबे एकेक करून सरकत होते: साग, बांबू, घाटाखालून आलेले मीठ आणि नारळ. मी डबे मोजीत होते. मोजता मोजता आकडा कुठे सुटला ते कळलेच नाही. मला वाटले की रानातला प्रत्येक ओंडका, घाटातला प्रत्येक नारळ उताराला लागलेल्या पाण्यासारखा आपोआप आमच्या गावाकडे ओघळतो आहे, आणि उतार दिसत नसला तरी तो आहे. तो काढता आला तर कागदावर हवामानाच्या नकाशासारख्या रेषा उमटतील. आत्याने दशमीची पुरचुंडी सोडली तेव्हा मी भानावर आले. डबे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.

तो उतार मोजण्याचा उपाय मला निपाणीच्या वाटेवर सापडला. कोळशाच्या धुरावर चालणारी ती सर्व्हिस मोटार चढ आला की थांबे, उतारू खाली उतरत, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत मी बायांना एकच प्रश्न विचारी: लग्नातले लुगडे कुठून घेतले? संकेश्वरपर्यंत उत्तर बहुधा एकच येई, शहापूर. पुढे कोल्हापूर, इचलकरंजी अशी नावे येऊ लागत. मधल्या एका खेड्यात सासूचे लुगडे शहापूरचे निघाले आणि सुनेचे इचलकरंजीचे. ते गाव मी वहीत लाल पेन्सिलीने टिपले. दोन बाजारांच्या पाणलोटांना विभागणारी रेषा एका माजघरातून गेली होती.

निपाणीला समितीतल्याच एका व्यापाऱ्याची तंबाखूची वखार होती. जैन गृहस्थ, पन्नाशीचे. घरात कानडी, बाजारात मराठी. वखारीत पाय टाकताच आत्याला शिंका सुरू झाल्या त्या बाहेर पडेपर्यंत थांबल्या नाहीत.

"आक्का, पयल्यांदा आलेल्या मानसाची हितं अशीच पूजा हुतीय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुमी मोजा, लई चांगलं काम हाय. फक्त मला एक जागा काढून द्या बेळगावात. माल तितनं रेल्वेत चढतोय, आन माझी वखार हितं डोंगराच्या अल्याड. तितं मोकळी जागा कुटं हाय, एवडं सांगा. मी भिंत बांदून दाखवतो."

"जागा मी काढत नाही," मी म्हणाले. "आकडे जे दाखवतील ते खरं."

"आकडं काय, दाखवणाऱ्याचं ऐकत्यात," ते हसत म्हणाले. मला ते बोलणे त्या वेळी व्यापारी माणसाचे वाटले आणि मी ते मनावर घेतले नाही.

शहापूर मी शेवटी ठेवले होते, कारण ते सगळ्यांत गडद निघणार हे ठाऊक होते. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना ठेंगणी घरे आणि प्रत्येक घरातून मागाचा ठोका. काही दारे गप्प होती. सूत परवान्यावर मिळे आणि सगळ्यांना पुरत नसे. तरीही एका गल्लीत उभे राहून डोळे मिटले की शंभर घड्याळे आपापली वेळ सांगत आहेत असे वाटे. मी घराघरांत शिरून माग मोजले. एका घरात विणकराची बायको आत्याच्या वयाची निघाली. दोघी उंबऱ्यावर बसल्या त्या बसल्याच. गल्लीतले शेवटचे घर संपले आणि त्यापलीकडे तो चौकोन लागला.

लांबच लांब, सपाट, झाडूनपुसून ठेवल्यासारखी जागा. घर नाही, दुकान नाही, झाड नाही. दोन्ही टोकांना जमिनीत पुरलेले काळे खुंट. कडेच्या भिंतीला जुने बांबू टेकवलेले. भिंतीच्या सावलीत एक म्हातारा बसला होता आणि तो आमच्याकडे कुतूहलाने पाहत होता. मी लांबी-रुंदी घेतली, खुंट मोजले आणि वहीत लिहिले: पडीक जागा. जुने खुंट. टाकाऊ बांबू. किंचित आंबूस वास, बहुधा गटाराचा. कामाचे हात शून्य. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटे.

समितीपुढे नकाशा उलगडला तेव्हा प्रत्येकाने आधी त्यात आपापली गल्ली शोधली. नंतर सगळे एकदमच वाकले आणि सगळ्यांची बोटे एकाच जागी गेली. चारी बाजूंनी गर्द काळे आणि मधोमध पांढरे. स्टेशनपासून फार लांब नाही, रस्ता जवळ, कामाचे हात शेजारीच. माझ्याच नियमाप्रमाणे साऱ्या प्रदेशात याहून चांगली जागा नव्हती. निपाणीच्या व्यापाऱ्यांचा चेहरा उजळला. इंजिनियर माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाले, "पुढच्या बैठकीत ठराव होईल. त्याच दिवशी तुझं पत्रही." पुढची बैठक दहा दिवसांवर होती. कलकत्त्याला अर्ज पोचवण्याची मुदत त्यानंतर लगेच संपत होती.

त्या दहा दिवसांत आत्याने मला एका पहाटे हलवून उठवले. कलकत्त्याला जाणाऱ्या भाचीसाठी तिने त्या विणकरणीकडे लुगडे सांगितले होते, माझ्या नकळत. ताण्याचे उभे सूत तयार आहे, किनारीचा रंग एकदा डोळ्यांखालून घाला, असा निरोप आला होता; फक्त उजाडायच्या आत या, असे बजावून. आत्याने त्या दिवशी पूजा पुढे ढकलली. मला आठवते तसे, असे तिने पूर्वी कधी केले नव्हते.

धुके इतके दाट होते की हातातला कंदील स्वतःपुरताच पेटला होता. गल्ल्या ओळखीच्या असून परक्या वाटत होत्या. मागांचे ठोके नव्हते, फक्त पाणी शिंपडल्याचा आणि पावलांचा आवाज येत होता. शेवटचे घर मागे पडले आणि मी थांबले.

माझा पांढरा चौकोन रंगांनी भरून गेला होता. या टोकाच्या खुंटापासून त्या टोकाच्या खुंटापर्यंत कमरेइतक्या उंचीवर सुताचे ताणे पसरले होते: एक जांभळा, एक हिरवा, एक डाळिंबी. ज्यांना मी टाकाऊ म्हटले होते ते बांबू कैचीसारखे उभे करून त्यांवर ताणे तोललेले होते. दोन्ही अंगांनी माणसे चालत होती, बाया आणि बाप्ये, हातांत लांब कुंचे, आणि कुंच्यांनी सुतावर खळ ओढत होती. आंबूस वास त्या खळीचा होता. धुक्यात माणसांचे पाय दिसत नव्हते. जणू ती रंगांच्या प्रवाहातून तरंगत जात होती. मी डोळे चोळले. आदल्या कित्येक रात्री मी माझ्या नकाशावरचे चौकोन स्वप्नात पाहत होते, त्यामुळे हेही तसेच काही असेल असे क्षणभर वाटले.

"आक्का, आलासा? या, या," विणकरीण आत्याला म्हणाली. "दव हाय तवरच बघून घ्या. ऊन वर आलं की खेळ आटपला."

"उन्हानं काय होतं?" मी विचारले.

"खळ लावल्यालं सूत उनात कडक हुतंय, आन तुटतंय. दवात नरम ऱ्हातंय बघा. म्हनून समद्यांचं पांजायचं, खळ चढवायचं काम हितंच, पाटंचं. नवाच्या फुडं हितं काय बी दिसायचं न्हाय तुमाला."

"समद्यांचं म्हणजे किती घरांचं?"

तिने कुंचा हवेत फिरवला. "ह्या गल्लीचं, पल्याडल्या गल्लीचं, देवळामागल्या आळीचं. पाळी हाय की. आज आमचा ताणा, उद्या दुसऱ्याचा. हितं पांजल्याबिगर मागावर काय चढवायचं, आक्का, तुमीच सांगा."

तिचा कुंचा ज्या दिशांना फिरला त्या दिशांचे चौकोन माझ्या नकाशावरचे सर्वांत गडद चौकोन होते. त्यांचा काळेपणा या पांढऱ्यातून जात होता. इथे वखारीची भिंत उभी राहिली असती तर वर्षभरात ते सगळे चौकोन फिके पडले असते, आणि मी मात्र ते सूत महाग झाल्यामुळे घडले असे लिहिले असते.

खुंटाशी वाकून दोरी आवळणारा म्हातारा सरळ झाला. त्याने मला ओळखले.

"त्या दिशी फीत घिऊन तुमीच आलतासा न्हवं? मी भितीला बसलोतो."

"हो. तेव्हा मला का नाही सांगितलं, आप्पा?"

"तुमी इचारलासा कुटं? लांबी घेटलासा, रुंदी घेटलासा, खुंट मोजलासा आन गेलासा. मला वाटलं, एवडी शिकल्याली पोर, तिला ठावं असंल." मग हात झाडत तो म्हणाला, "कशाला मोजलासा, ते तरी सांगा की. लोक म्हनत्यात हितं तंबाकूचं गुदाम हुनार. खरं हाय व्हय?"

आत्याने किनारीसाठी डाळिंबी रंग पसंत केला आणि आम्ही परतलो.

वाटेत धुके विरत होते. आत्या म्हणाली, "त्यात काय एवढं. तो एक चौकोन काळा करून टाक आणि मोकळी हो."

"बाकीचे दोनशे चौकोन मी पहाटे पाहिलेले नाहीत, आत्या."

"तिथं असे ताणे थोडेच असणार?"

"काय असेल ते मला माहीत नाही. हेही माहीत नव्हतं."

त्यानंतरचे दोन दिवस मी नकाशापुढे बसून काढले. एक चौकोन दुरुस्त करणे हा तासाभराचा उद्योग होता. कोणी विचारले नसते. पण मी शास्त्र शिकले होते आणि त्यातली एक गोष्ट पक्की शिकले होते: उपकरणात दोष सापडला की त्या उपकरणाने घेतलेले सगळेच आकडे संशयित होतात, फक्त जो आकडा खोटा ठरला तोच नव्हे. इथे उपकरण मी होते. मी बेळगावचे बळ मोजले नव्हते. एका सोवळ्या घरातल्या मुलीला अकरा ते चार या वेळात दिसणारे बेळगाव मोजले होते. भाजीच्या गाड्या पहाटे येऊन सकाळीच परतत, हे मला ठाऊक होते, तरी माझ्या नकाशावर ती वाट फिकी होती. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या बाया कुठल्याच चौकोनात नव्हत्या.

इंजिनियरांकडे गेले तेव्हा ते गुलाबांची छाटणी करत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी कात्री थांबवली नाही.

"एवढा एक भाग दुरुस्त कर," ते म्हणाले. "वखारीला दुसरी जागा बघू. मुदत जवळ आली आहे तुझी."

"दुरुस्ती पुरणार नाही. वेगवेगळ्या वेळी सगळं पुन्हा मोजावं लागेल. वर्ष लागेल."

"मग पत्रात मी काय लिहू? काम पुरं केलं असं लिहिता येणार नाही."

"नका लिहू," मी म्हणाले. आवाज स्थिर ठेवण्यासाठी मी छाटून पडलेल्या फांद्या मोजत होते. अकरा होत्या.

बैठकीत मी उभी राहून सांगितले की नकाशा दुपारचा आहे, गावाचा नव्हे. त्यावरून कोणताही ठराव करू नये. एका वकिलांनी विचारले, "मग आम्ही इतके दिवस काय पाहत होतो?" मी म्हणाले, "माझी दुपार." माझे डोळे निपाणीच्या व्यापाऱ्यांकडे गेले, कारण जागा त्यांची जात होती.

त्यांनी कोऱ्या चौकोनावर ठेवलेले बोट निपाणीपर्यंत सरकवले. मग म्हणाले, "माझ्या वखारीत तुमी कदी आलतासा, बाई?"

"दुपारी एकच्या सुमाराला."

"म्हंजे बाया जेवायला बसल्या व्हत्या. तरीच माझी वखार एवडी फिक्की दिसायलीय." त्यांनी समितीकडे पाहिले. "पुन्ना मोजू द्या की तिला. विणकराच्या आंगणात भिंत बांदून माझा माल काय ग्वाड हुनार हाय? आन मला बी माझी वखार काळीकुट्ट बगायची हाय."

ठराव पुढे ढकलला गेला. कलकत्त्याची मुदत उलटून गेली. त्या दिवशी मी घरी येऊन नकाशा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि आत्याने दिलेला चहा घेतला. मला वाईट वाटले नाही असे मी लिहिणार नाही. ते दूरचे शहर त्या संध्याकाळी खरोखरच विझल्यासारखे झाले होते.

पुढचे वर्ष मी तीन वेळांत विभागले. प्रत्येक चौकोनाचे तीन पट्टे केले: पहाट, दुपार, संध्याकाळ. वडिलांनी दिवेलागणीची अट एकदाच बोलून दाखवली आणि पुन्हा तिचा विषय काढला नाही. आत्याने आपली पूजा माझ्या वेळापत्रकाप्रमाणे मागेपुढे करायला सुरुवात केली. देवाला घड्याळ नसते, असे तिने स्वतःच ठरवले. आणि या वेळी मी प्रत्येक ठिकाणी लांबी-रुंदीच्या आधी विचारू लागले की मी नसते तेव्हा इथे काय असते. उत्तरे सावकाश येत. कुठे आठवड्यातून एकदा भरणारा गुरांचा बाजार निघाला, कुठे सुगीपुरते उभे राहणारे खळे. डोंगर हळूहळू बदलत गेला. तो एका जागी राहीना. पहाटे त्याचा माथा शहापुरात असे, दुपारी खडेबाजारात आणि संध्याकाळी तो रस्त्यांवरून पसरत खेड्यांकडे उतरू लागे. श्वासासारखा. मी मोजणे सोडून नुसती तो बदल पाहत बसे आणि मग स्वतःला रागावून पुन्हा वहीकडे वळे.

शहापूरच्या त्या जागेची पहाट मी शेवटी घेतली. विणकरणीचा ताणा होता. म्हाताऱ्याने खुंटाची दोरी सोडली आणि नवीन दोरी आणायला जाताना ताण्याचे टोक माझ्या हातांत दिले.

"घट धरा, बाई. सोडलासा तर महिन्याचं काम मातीत."

मी धरले. ओल्या सुताचे वजन इतके असते हे मला ठाऊक नव्हते. पलीकडच्या टोकाला धुके होते. त्यातून कोणीतरी ओढत असल्यासारखे ते सूत माझ्या मनगटांना खेचत होते. कुंचे जवळ आले, दूर गेले. उजाडू लागले. म्हातारा परतला तेव्हा दव निघून गेले होते आणि माझे हात खळीने पांढरे झाले होते.

नवा नकाशा मी वर्षअखेरीस इंजिनियरांपुढे ठेवला. तंबाखूच्या वखारीसाठी त्यात स्टेशनामागची एक जागा निघाली होती, आणि ती तिन्ही वेळी रिकामी असते हे मी तीन वेळा जाऊन पाहिले होते. त्यांनी चष्मा लावून एकेक वही तपासली. दोन दिवस लागले. सगळे रकाने भरलेले होते. शहापूरच्या एका पानावर मात्र त्यांचे बोट थांबले.

"कामाचे हात लिहिलेस, ताणे लिहिलेस. काम किती वाजता सुरू झालं आणि किती वाजता संपलं, ते कुठं आहे? हा रकाना रिकामा का?"

"घड्याळ पाहता आलं नाही," मी म्हणाले. "माझे हात मोकळे नव्हते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग तो रकाना तसाच ठेवून पान उलटले, वही मिटली आणि पत्र लिहिण्यासाठी कागद पुढे ओढला.